सुलावेसीच्या डोंगरातल्या गावात जमीन नक्की कुणाची असते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की धाकटा भाऊ इंडोनेशियात, सुलावेसी बेटावरच्या पालू शहरात नोकरीला आहे, तिकडच्याच मुलीशी लग्न झालंय, तिचं माहेर सिगी जिल्ह्यात कुलावीच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे, आणि सासऱ्यांच्या शेजारची दोन हेक्टर कोकोची बाग विकायला निघालीय. कागद म्हणून गावप्रमुखाच्या सहीचं एक पत्र दाखवतायत, भाऊ पैसे मागतोय, आणि तुम्ही विचारताय की पाठवायचे का आणि तिथे माणसं राहतात कशी, जमीन चालते कशी.

मी दापोलीहून कृषी पदवी घेऊन २००३ साली सुलावेसीला गेलो आणि २०१९ पर्यंत तिथेच होतो, काम कोको खरेदीचं आणि शेतकऱ्यांबरोबर झाडांची निगा, छाटणी, कलमं. कुलावी, पिपिकोरो, नापूचं खोरं, हा सगळा भाग पायी आणि मोटरसायकलवर पालथा घातलाय. त्यामुळे सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा. आधी थोडक्यात सांगायचं तर आत्ता लगेच पैसे पाठवू नका. सासरे फसवतायत असं मला अजिबात म्हणायचं नाही, बहुतेक ते मनापासूनच बोलत असतील, पण "जमीन विकायची आहे" ह्या वाक्याचा आपल्याकडे जो अर्थ होतो तो तिथे होत नाही, आणि ते समजून न घेता पैसे दिले तर भांडण भावाच्या बायकोच्या घरात शिरेल.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. मध्य सुलावेसी म्हणजे समुद्राने वेढलेला प्रांत, पण सिगी हा त्यातला एकच जिल्हा असा की ज्याला किनारा नाही. २००८ साली डोंगालापासून वेगळा झाला. पालू शहरातून दक्षिणेला खोऱ्यातून रस्ता जातो, आधी सपाट भातखाचरं, मग डोंगर चालू होतात, वळणावळणाचा रस्ता, पावसात दरड ठरलेलीच. कुलावीपर्यंत चारचाकी जाते, गिम्पूपर्यंतही जाते, त्याच्या पुढे पिपिकोरोच्या गावांना ओजेक म्हणजे भाड्याची मोटरसायकल हाच आधार. ती पायवाट एका चाकाच्या रुंदीची, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, ओढ्यावर दोन फळ्या टाकलेल्या, आणि मागच्या सीटवर माणूस, तांदळाचं पोतं, कधी आजारी म्हातारी. तिथली पोरं हे रोज करतात. तुमच्या भावाचं सासर ह्यातल्या नेमकं कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी विचारा, कारण तोच कोको गाडीरस्त्यावर विकला तर एक भाव आणि ओजेकवर खाली आणावा लागला तर दुसरा, भाड्यातच बरंच जातं.

घरं लाकडी, वर पत्रा, मागे चुलीची खोली. जुनी गोल दगडांवर उभी असलेली "ताम्बी" घरं आणि गावाची बैठकीची जागा "लोबो" आता थोड्याच ठिकाणी उरलीत. बहुतेक लोक ख्रिश्चन, कुलावी भागात "बाला केसेलामातान" म्हणजे साल्व्हेशन आर्मीचं चर्च मोठं, रविवारी सगळे पांढऱ्या गणवेशात. मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाच्या नावावरून "पापा अमुक", "मामा अमुक" म्हणतात, इथे मामा म्हणजे आई हं. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे कागदात हाच घोळ होतो. ओळखपत्रावर एक नाव, गावात हाक दुसरीच, आणि म्हातारी मंडळी साक्ष देताना हाकेचं नाव सांगतात, मग कागदातला माणूस आणि साक्षीतला माणूस एकच हे सिद्ध करत बसायचं.

आता जमीन. तिथली मूळ शेती म्हणजे आपल्याकडे ज्याला कुमरी म्हणायचे ती. डोंगरउतारावर रान तोडायचं, वाळवायचं, जाळायचं, मग पुरुष अणकुचीदार काठीने भोकं पाडत पुढे जातात आणि बायका मागून त्यात भाताचं बी टाकत जातात, आपली टोकणच. एकदोन वर्षं भात, मका, मिरची, रताळी, मग जमीन पड सोडायची, दुसरीकडे जायचं, दहापंधरा वर्षांनी रान परत वाढलं की परत यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच सत्ता डोंगरात पोचली तेव्हा त्यांनी माथ्यावरची वस्ती खाली खोऱ्यात आणून बसवली आणि भातखाचरं करायला लावली, म्हणून आज गाव खाली आणि जुनी रानं वर असं दिसतं. लोकांनी वरची रानं सोडली मात्र नाहीत. सरकारच्या नकाशात जे "जंगल" दिसतं त्यातलं कितीतरी कुणाच्या तरी आजोबांची पड असते.

कुलावी खोऱ्यातलं तोरो नावाचं गाव ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथे रानाला वयाप्रमाणे नावं आहेत. "वाना न्किकी" म्हणजे अगदी वरचं, ढगात असलेलं, तिथे कुणी हात लावायचा नाही. "वाना" म्हणजे जुनं जंगल, वेत, डिंक, औषधं तिथून आणायची, शेती नाही. "पांगाले" म्हणजे कधीकाळी वापरलेलं आणि परत दाट झालेलं रान, आणि "ओमा" म्हणजे पड सोडलेली शेतं. नियम मोडला तर गावचे वडीलधारे, ज्यांना "तोतुआ ङाता" म्हणतात, ते दंड लावतात, दंडाला "गिवू" म्हणतात, आणि मोठा गिवू पूर्वापार म्हैस, पितळी तबकं आणि म्बेसा नावाच्या कापडात मोजायचा. ह्याच व्यवस्थेच्या जोरावर तोरोने २००० साली लोरे लिंदू राष्ट्रीय उद्यानाबरोबर समझोता केला, की आमचं रान आम्ही राखतो.

मग मालक कोण? ज्याने पहिल्यांदा जुनं जंगल तोडलं त्याचा हक्क, आणि त्याच्यामागे त्याच्या सगळ्या वंशजांचा, मुलगे आणि मुली दोघांचाही. म्हणजे पणजोबांनी तोडलेल्या एका उतारावर आज चाळीस माणसांचा हक्क असू शकतो. ह्यात कुणी "मालक" म्हणून बसलेला नसायचा, ह्या वर्षी कोण कसणार हे बोलून ठरायचं, ज्याला कमी पडेल त्याने विचारायचं, आणि विचारणाऱ्याला सहसा नाही म्हणायचे नाहीत. आपल्याकडचा कोकणातला सामाईक सातबारा आठवा, चौदा नावं, कुणी मुंबईला, कुणी गावी, फक्त इथे सातबाराच नाही, सगळं माणसांच्या डोक्यात.

आणि ह्या सगळ्याला एक अपवाद होता, तोच खरा कळीचा मुद्दा आहे. झाड लावणाऱ्याचं. जमीन कुणाचीही असो, तुम्ही लावलेलं डुरियानचं फळझाड, तुम्ही लावलेली केमिरी म्हणजे तेलबियांचं मोठं झाड, तुम्ही लावलेला नारळ तुमचा आणि तुमच्या पोरांचा. उतारावर मोठी केमिरी दिसली की म्हातारे सांगतात, हे अमक्याच्या आजीने लावलंय, म्हणजे इथे त्यांची शेती होती. झाड हाच दस्तऐवज. म्हणूनच दुसऱ्याला जमीन कसायला देताना एक अट न बोलता पाळली जायची, की भात घ्या, मका घ्या, पण टिकणारं झाड लावायचं नाही.

मग कोको आला. मलेशियातल्या साबाहमधल्या मळ्यांवर कामाला गेलेल्या, दक्षिण सुलावेसीतल्या बुगिस जमातीच्या लोकांनी बी आणलं, दक्षिण सुलावेसीत पसरलं, आणि नव्वदच्या दशकात ह्या डोंगरांत पोचलं. १९९७-९८ चं आर्थिक संकट आलं, रुपिया डॉलरला साधारण २,४०० होता तो १९९८ मध्ये १६,००० च्या पलीकडे गेला. जावामध्ये कारखाने बंद, माणसं रस्त्यावर, आणि इकडे कोको डॉलरच्या भावाने विकला जाणारा, म्हणजे एका रात्रीत पोत्याला कित्येक पट पैसे. नापूत आणि पालोलो भागात बुगिस कुटुंबं येऊन जमिनी विकत घेऊ लागली, स्थानिकांनी सुरुवातीला स्वस्तात विकल्याही, कारण त्यांच्या हिशोबात ते दोन वर्षांची पड देत होते. जमीन कायमची गेली हे कळायला झाडं मोठी व्हावी लागली.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो, नाव गाव देत नाही. एका विधवा बाईंनी नणंदेच्या मुलाला एक उतार मक्याला दिला, एका हंगामासाठी, नेहमीसारखा. मी त्या भागात झाडं बघायला गेलो होतो. मका डोक्याएवढा उभा होता आणि त्याच्या ओळींच्या मधे, गुडघ्याएवढी, केळीच्या सोपटाच्या सावलीत लावलेली कोकोची रोपं, तीन मीटरवर एक, दोरी धरून लावावी तशी सरळ. बाई शेताच्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. एका रोपाचं कोवळं तांबूस पान हातात धरून बघितलं आणि सोडून दिलं. मका काढला, रोपं राहिली, आणि तीन-चार वर्षांत त्याला फळं लागली. वडीलधाऱ्यांची बैठक झाली, पोराने कबूल केलं की जमीन मामीची, पण झाडं माझी, आणि नियमाप्रमाणे ते खरंच होतं. आता झाडं पंचवीस वर्षं उभी राहणार असतील तर खालची जमीन कुणाची ह्याला काय अर्थ उरला? शेवटी निम्मी बाग त्यांना आणि निम्मी त्याला असं ठरलं. पण त्यानंतर त्या वाडीत कुणी कुणाला जमीन मक्याला दिली नाही. जावयालाही नाही. ही उसनवारी बंद पडली ना, तिथून पुढे गावात भूमिहीन माणूस तयार व्हायला लागला. आधी गरीब होते, कर्जबाजारी होते, पण शेत नाही असा माणूस त्या डोंगरात नसायचा, कारण पड मागता यायची.

हे मी एवढं लांबवलं कारण तुमच्या भावाच्या दोन हेक्टरांवर हेच प्रश्न उभे आहेत. ती बाग कुणाच्या आजोबांच्या पडीवर आहे? लावणारा कोण? ज्याचा हक्क आहे पण ज्याने लावली नाही असे किती? आज ते गप्प आहेत कारण शेजारच्याच माणसाकडे आहे, नात्यातला आहे. परदेशी जावयाने रोख पैसे दिले हे कळलं की सगळे बोलतील, आणि त्यांचं बोलणं चुकीचं नसेल.

आता कागदाचं बघू. गावप्रमुखाचं पत्र म्हणजे बहुधा "सुरात केतेरांगान ताना", त्याला तिथे एस्-का-ते म्हणतात. त्यात क्षेत्र, चतुःसीमा, चार शेजाऱ्यांच्या सह्या आणि गावप्रमुखाचा शिक्का असतो. हा कब्जाचा दाखला आहे, मालकीचा नव्हे. कराची पावती, पे-बे-बे, तीही मालकी नव्हे, आपल्याकडे जसं सातबारा महसुली नोंद आहे असं वकील सांगतात तसंच. पक्की मालकी म्हणजे जमीन कार्यालयाचं, बे-पे-एन्-चं "सर्तिफिकात हाक मिलिक". २०१७ पासून सरकारने पे-ते-एस्-एल् नावाची मोहीम काढून गावंच्या गावं मोजून सर्टिफिकेटं वाटली, पण डोंगरातल्या बऱ्याच बागा त्यात बसत नाहीत, कारण त्या नकाशावर "कावासान हुतान" म्हणजे वनक्षेत्रात येतात. देशाची साधारण दोन तृतीयांश जमीन कागदोपत्री वनक्षेत्र आहे, मग तिथे जंगल असो की शंभर वर्षांचं गाव. २०१३ च्या मे महिन्यात घटना न्यायालयाने सांगितलं की परंपरागत समाजाचं जंगल हे सरकारी जंगल नव्हे, निकाल क्रमांक ३५, सगळ्या गावांना पाठ आहे, पण तो हक्क मिळवायला आधी जिल्ह्याने त्या समाजाला मान्यता द्यायची, मग मंत्रालयाने, ह्यात वर्षं जातात. तेव्हा पहिलं काम म्हणजे बागेच्या चारी कोपऱ्यांचे जीपीएस आकडे घ्या आणि ती जमीन वनक्षेत्रात, उद्यानाच्या हद्दीत, की "आ-पे-एल्" म्हणजे इतर वापराच्या पट्ट्यात आहे हे जमीन कार्यालयात आणि वनखात्याच्या का-पे-हा कार्यालयात दोन्हीकडे विचारा. कुलावीच्या आसपास लोरे लिंदूची हद्द कुठून जाते हे गावात नुसतं विचारून कळत नाही. उद्यान १९९३ साली जाहीर झालं तेव्हा आत आलेल्या बागांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि दोंगी-दोंगीला २००१ मध्ये शेकडो भूमिहीन कुटुंबं उद्यानात शिरून राहिली तीही ह्याच कारणाने, त्यांना दुसरीकडे कुठे जमीनच नव्हती.

आणि वनक्षेत्र नसलं तरी तुमच्या भावाच्या बाबतीत तीन अडचणी आहेत, ह्या कायद्याच्या आहेत, गावाच्या नाहीत. एक, १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे, क्रमांक ५, "हाक मिलिक" फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. दुसऱ्याच्या नावावर घेऊन मागे करार करून ठेवायचा असं सुचवणारे भेटतील, तो करार कोर्टात टिकत नाही आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दोन, "मग बायकोच्या नावावर घेऊ" म्हणाल, तर लग्नानंतर घेतलेली मालमत्ता १९७४ च्या विवाह कायद्याने दोघांची सामाईक धरतात, म्हणजे त्यात परदेशी माणसाचा वाटा आला, आणि मग तिचा हक्कही अडतो. त्यावर उपाय म्हणजे नोटरीपुढे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. आधी तो लग्नापूर्वीच करावा लागायचा, २०१६ साली घटना न्यायालयाने लग्नानंतरही करायला परवानगी दिली. हा करार झालाय का हे भावाला आजच विचारा, बागेचं काहीही होवो, तिच्या भल्यासाठी तो हवा. तीन, शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात, म्हणजे केचामातानमध्ये, राहणारा हवा असा १९६१ चा नियम आहे. भाऊ-भावजय पालूत राहतात. हा नियम सर्रास मोडला जातो हे खरं, पण भांडण झालं की समोरचा वकील हाच काढतो.

आईवडिलांनी मुलीला दिलेला किंवा वारसाने आलेला वाटा मात्र तिचा स्वतःचाच राहतो, सामाईकात येत नाही. कुलावीत बऱ्याचदा जावई बायकोच्या घरी राहायला येतो आणि मुलीही वारस असतात. म्हणून मला वाटतं की शेजारची बाग विकत घेण्यापेक्षा सासऱ्यांच्याच बागेत जे तिचं आहे किंवा होणार आहे तिकडे लक्ष द्यावं.

त्या शेजाऱ्याची बाग का विकायला निघाली हेही हळुवारपणे काढा. तिथे कुणी हौसेने बाग विकत नाही. माझ्या अनुभवात कारणं चारच, दवाखाना, अंत्यविधी, पोराचं कॉलेज, नाहीतर गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी. तो व्यापारी तांदूळ देतो, खत देतो, मोटरसायकलचे हप्ते भरतो आणि मग कोको त्यालाच घालावा लागतो, वजनात आणि ओलाव्यात जे कापेल ते मुकाट घ्यायचं. शेवटी बाग गहाण पडते. आधीच गहाण असलेली बाग तिसऱ्याला विकलेली मी पाहिलीय, तेव्हा "गादाई" आहे का हे स्पष्ट विचारा. १९६० च्या एका कायद्याप्रमाणे सात वर्षं किंवा जास्त गहाण राहिलेली शेतजमीन पैसे न देता मूळ मालकाला परत करायची असते. गावात हे कुणालाही माहीत नसतं. कोणीतरी त्यांना सांगायला हवं, म्हणून मी जिथे जायचो तिथे सांगायचो आणि त्यामुळे काही व्यापाऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

झाडांकडे या, हे माझं काम. बाग १९९८-२००५ च्या लाटेत लावलेली असेल तर झाडं वीस-पंचवीस वर्षांची, उताराला लागलेली. तिथे गेल्यावर एक करा. पिकलेलं एक फळ तोडा, लाकडाच्या ओंडक्यावर आपटून फोडा, चाकू आत घालू नका, आणि बिया बोटांनी मोकळ्या करून बघा. चांगल्या फळात पांढऱ्या गराची बी निसटून हातात येते. बिया एकमेकांना चिकटून काळपट गठ्ठा झाला असेल आणि आतल्या सालीवर बारीक तपकिरी बोगदे दिसले तर तो फळ पोखरणारा किडा, तिथे पे-बे-का म्हणतात, त्याने अख्ख्या सुलावेसीचं कंबरडं मोडलंय. दहा फळं वेगवेगळ्या झाडांची फोडा. मग फांदीकडे बघा, मधलंच एखादं पान पिवळं होऊन त्यावर हिरवे ठिपके उरलेत आणि देठ तोडल्यावर तीन तपकिरी टिंबं दिसतात का, तो फांदी सुकवणारा रोग. भाव बघून हुरळू नका, २०२४ मध्ये कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता आणि नंतर उतरलाही, आणि विकणारा अजून वरचाच भाव मनात धरून किंमत सांगतोय.

ह्यापेक्षा सासऱ्यांच्या जुन्या झाडांना बगल कलम करा. तिथे "साम्बुंग साम्पिंग" म्हणतात. झाड तोडायचं नाही, बुंध्याची साल उचलून त्यात चांगल्या जातीची डोळाकाडी बसवायची, प्लास्टिक बांधायचं, महिन्याभरात फुटते, दीड-दोन वर्षांत नव्या फांदीला फळ, मग वरचं जुनं झाड छाटून टाकायचं. "सुलावेसी १", "सुलावेसी २", "एम्-चे-चे ०२" ह्या जाती मिळतात. मी दापोलीला आंब्याची कोय कलमं करायला शिकलो तो हात तिकडे कामाला आला, आणि खरं सांगतो, बायकांचा हात ह्यात पुरुषांपेक्षा चांगला बसतो, साल फाटत नाही. पैसे टाकायचेच असतील तर इथे टाका. काडी, प्लास्टिक, मजुरी, सावलीची झाडं. मजुरीला गावातल्याच जमीन नसलेल्या एखाद्या तरुण जोडप्याला अर्धेलीवर घ्या, म्हणजे बाग त्यांनी सांभाळायची आणि माल निम्मा. तिकडे दुसरी एक रीत आहे, कष्टकऱ्याने बाग उभी करून द्यायची आणि फळं लागली की जमिनीसकट निम्मी त्याला. शेजारची बाग सोडवायलाही हा मार्ग बघा, म्हणजे विकत घेण्याऐवजी शेजाऱ्याचं कर्ज फेडून त्याच्याच ताब्यात ठेवून चारपाच वर्षांचा मालाचा वाटा लिहून घ्यायचा. मुदत सात वर्षांच्या आत ठेवा, वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखवा, त्याच्या बहिणींच्याही सह्या घ्या. बहिणींना कुणी बोलावत नाही आणि पुढे दावा त्यांच्याच मुलांचा येतो.

राहायचं विचारलंत. पाणी डोंगरातून पाइपने येतं, चांगलं असतं. वीज कुठे लाइन, कुठे ओढ्यावरचा छोटा जनित्र संच, कुठे सोलर. २०१५ पासून केंद्राचा "दाना देसा" निधी थेट गावाला येतो त्यामुळे काँक्रीटचे तुकडे, छोटे पूल झालेत. दवाखान्याचं मात्र कठीण, बाळंतपणाला आधीच खाली येऊन राहायला सांगा. नापू, बादा किंवा लिंदूच्या बाजूला नातेवाईकांकडे गेलात तर चिखलात, सोडून दिलेल्या भातखाचरात अनवाणी उतरू नका, गोगलगायीतून होणारा शिस्टोसोमियासिस हा आजार इंडोनेशियात फक्त ह्या तीन खोऱ्यांत आहे. आणि भूकंप. खालून पालू-कोरो भ्रंश जातो. २८ सप्टेंबर २०१८ ला ७.५ चा धक्का बसला तेव्हा मी खोऱ्यात होतो. जोनो ओगे गावात जमीन पातळ होऊन वाहिली, मक्याची शेतं, घरं, नारळ उभेच्या उभे शेकडो मीटर सरकले. दोन आठवड्यांनी तिथे गेलो तर एक शेतकरी आपल्या नारळाखाली उभा होता आणि ते झाड दुसऱ्याच्या शेतात जाऊन थांबलं होतं. सर्टिफिकेट त्याच्याकडे होतं. तो म्हणाला झाड माझं आहे, त्याच्यावरचे नारळ मी काढतो, जमिनीचं कोण काय सांगणार. ज्याच्या शेतात झाड आलं होतं तो शेजारी मान हलवत होता, त्याला पटलं होतं.

भाऊ पुढच्या वेळी गावाला जाईल तेव्हा कागद मागण्याआधी कॉफी, साखर, तंबाखू घेऊन सासऱ्यांबरोबर गावातल्या दोन-तीन सगळ्यात म्हाताऱ्या माणसांकडे जाऊ दे, एक तरी म्हातारी बाई त्यात असू दे. त्यांना बागेत चालत घेऊन जायचं आणि विचारायचं की ही केमिरी कुणी लावली, ह्या ओढ्यापलीकडे आधी कोण भात करायचं, हे लाल पानांचं झुडूप हद्दीचं का. नावं वहीत लिहून घ्यायची, हाकेचं आणि ओळखपत्रावरचं अशी दोन्ही. ती यादी आणि बागेच्या कोपऱ्यांचे आकडे मला पाठवा, मी बघून सांगतो.